वेर्ण्याच्या सड्यावर, ओल्या हवेत

जुलैत गोव्याचे किनारे ओस पडलेले असतात. समुद्र खवळलेला, शॅक उतरवलेले, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. मला किनाऱ्यावर जायचं नव्हतंच. मला जायचं होतं वेर्ण्याच्या सड्यावर, औषधांच्या कारखान्यात, आणि तेही मुद्दाम भर पावसात. औषधाची बारीक भुकटी हवेच्या झोतावर अधांतरी ठेवायची, तिच्यावर चिकट द्रावण फवारायचं आणि त्यातून गोळीसाठी लागणारे दाणे तयार करायचे, अशी एक पद्धत आहे. तिला फ्लुइड बेड ग्रॅन्युलेशन म्हणतात. तिचा सगळा कारभार हवेवर चालतो, आणि कोकणपट्टीतली हवा जुलैत जितकी ओली असते तितकी एरवी क्वचितच असते. ‘मशीन बघायचंय ना, मग पावसातच ये. डिसेंबरात ते कोणालाही चालवता येतं,’ असं माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला. तो तिथल्या एका कंपनीत उत्पादन विभागात आहे. परवानग्यांचं सगळं त्यानंच जमवलं. अटी दोनच होत्या: कंपनीचं नाव छापायचं नाही आणि आत फोटो काढायचा नाही.

मुंबईहून मांडवी एक्सप्रेस धरली. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकावर चालते. दरडींच्या आणि कटिंगमधून सुटणाऱ्या मातीच्या भीतीनं गाड्या हळू सोडतात, त्यामुळे कोकण नीट बघून होतं. उक्षी स्टेशनाजवळ रानपाटचा धबधबा आला तेव्हा डब्यातली निम्मी माणसं उठून एका बाजूला जमली. मग करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरी, आणि पुढे पानवळ नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. पण या वेळी माझं लक्ष बाहेरच्या देखाव्यापेक्षा काचेवर जास्त होतं. वातानुकूलित डब्याची खिडकी धुरकटली होती. शेजारच्या काकांनी रुमालानं पुसून पाहिली, पण ओल काचेच्या पलीकडच्या बाजूला धरली होती. डब्यातल्या गारव्यानं काच थंड पडली होती, आणि तिला टेकलेली बाहेरची हवाही थंड होऊन आपल्यातलं पाणी सोडून देत होती. ज्या तापमानाला हवा असं पाणी सोडू लागते तो दवबिंदू. जुलैत कोकणात तो २४-२५ अंशांवर असतो, म्हणजे हवेच्या तापमानाच्या जेमतेम दोन-तीन अंश खाली. कारखान्यात शिरल्यापासून हा दवबिंदू सारखा कानावर पडणार होता.

मडगावहून वेर्णे उत्तरेला, पणजीच्या वाटेवर. लावणी झालेली शेतं आणि माड मागे पडले की महामार्ग चढणीला लागतो आणि वर जांभ्याचा सडा पसरतो. उन्हाळ्यात भाजून निघणारा हा कातळ या दिवसांत गवतानं झाकलेला असतो. मार्दोळची म्हाळसा मूळची इथली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी वेर्ण्याचं देऊळ पाडलं तेव्हा देवीला झुआरीपलीकडे मार्दोळला नेलं. आता जुन्या गावीही पुन्हा देऊळ उभं राहिलं आहे. सड्यावरच्या औद्योगिक वसाहतीत सिप्ला, ल्युपिन, इंडोको अशा ओळखीच्या नावांच्या पाट्या दिसतात. औषधनिर्मिती हा गोव्यातला मोठा उद्योग आहे, पण सुट्टीला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता असतो. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यातली एखादी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर ‘वेर्णा’ हे नाव सापडण्याची बरीच शक्यता आहे.

आत जाताना मोबाइल, घड्याळ, अंगठी बाहेर ठेवली. कपडे दोन टप्प्यांत बदलायचे, केस टोपीत, दाढी असेल तर तिलाही जाळी, पायांवर आवरण. शिफ्टच्या केमिस्ट मॅडमनी आधी मला दोन पारदर्शक पिशव्या हातात दिल्या. एकीत पॅरासिटामॉलची मूळ भुकटी, दुसरीत त्याच भुकटीचे तयार दाणे. पहिली पिशवी तिरकी केली तर भुकटी जागची हलेना. बरीच वाकवल्यावर एकदम ढेकूळ होऊन घसरली आणि बाकीची प्लास्टिकला चिकटून राहिली. दुसरी पिशवी नुसती कलवली तर दाणे रव्यासारखे सरसर खाली आले.

गोळीचा सगळा प्रश्न या दोन पिशव्यांत आहे. गोळ्या पाडणारं यंत्र प्रत्येक गोळीसाठी भुकटी तोलत नाही. साच्याची ठरावीक पोकळी भरते, पंच वरून दाबतो, गोळी बाहेर पडते, आणि हे तासाला लाखांच्या हिशेबानं चालतं. भुकटी अडखळत आली तर एक पोकळी पूर्ण भरेल, दुसरी अर्धी. पॅरासिटामॉलचे स्फटिक तर नुसते दाबले की नीट धरतही नाहीत. गोळीची वरची चकती टोपीसारखी सुटते. यंत्रावरची माणसं याला ‘कॅपिंग’ म्हणतात. म्हणून आधी भुकटीचे दाणे करायचे. पूर्वी खळ मिसळून भुकटी मळायची, ओला गोळा चाळणीतून दाबायचा आणि ट्रेमध्ये पसरून रात्रभर वाळवायचा, अशी रीत होती. फ्लुइड बेडमध्ये मिसळणं, दाणे बांधणं आणि वाळवणं ही तिन्ही कामं एकाच भांड्यात होतात.

त्या यंत्राला, म्हणजे फ्लुइड बेड प्रोसेसरला, इथं सगळे ‘एफबीपी’ म्हणतात. दोन मजले उंच खोलीत स्टेनलेस स्टीलचा मनोरा उभा होता. खाली चाकांवरचा बाउल, वर रुंद आणि तळाशी निमुळता. तळाला भोकं पाडलेला पत्रा आणि त्यावर अतिशय बारीक विणीची जाळी. हवा वर येते, पण भुकटी खाली गळत नाही. बाउलच्या वरचा भाग आणखी रुंद असतो. तिथं हवेचा वेग मंदावतो आणि वर उडालेले कण परत खाली येतात. त्याच्याही वर कापडी फिल्टर, लांब बोटांच्या आकाराचे, म्हणून त्यांना ‘फिंगर बॅग’ म्हणतात. आणि सगळ्याच्या शेवटी, वरच्या मजल्यावर, ब्लोअर. हा ब्लोअर हवा आत ढकलत नाही, पलीकडून ओढतो. त्यामुळे यंत्रातला दाब खोलीपेक्षा कमी राहतो आणि भुकटी बाहेर येत नाही.

बाउलमध्ये १२० किलो मिश्रण होतं, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या दोन लाख गोळ्यांचा ऐवज. बाउल वर चढला, सील फुगलं, ब्लोअर सुरू झाला. मी काचेच्या झरोक्याला डोळे लावून उभा. सुरुवातीला काहीच घडलं नाही. मग थर किंचित फुगला, इथंतिथं बुडबुडे फुटले आणि बघता बघता सगळी भुकटी उसळू लागली. हवेचा वरचा रेटा आणि भुकटीचं वजन बरोबरीत आले की कण एकमेकांवर टेकून राहत नाहीत, प्रत्येकाभोवती हवा खेळते आणि घन पदार्थ द्रवाच्या सगळ्या सवयी उचलतो: पातळी धरतो, लाटा उठवतो, हलकी वस्तू तरंगवतो. यंत्र चालवणारा माणूस कुडाळचा. मी काचेला नाक लावून उभा राहिलेला बघून त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला. ‘तिरको धरा,’ म्हणाला. तिरपा उजेड पडला तशी मधोमध वर चढणारी आणि कडेनं खाली उतरणारी भुकटी वेगवेगळी दिसली.

मग फवारणी. ३० किलो द्रावण तयार होतं, त्यात ३ किलो पोव्हिडोन आणि २७ किलो पाणी. पोव्हिडोन हा पाण्यात विरघळणारा चिकट पदार्थ, दाणे बांधणारा. पंपानं मिनिटाला अर्धा किलो या गतीनं द्रावण वरच्या तीन तोंडांच्या नोझलकडे जाऊ लागलं. तिथं दाबाची हवा त्याचे सूक्ष्म थेंब करते. थेंब एका कणावर बसतो, शेजारून उडणारा दुसरा कण त्याला चिकटतो, दोघांमध्ये द्रवाचा पूल बांधला जातो. खालून येणारी गरम हवा त्यातलं पाणी नेते आणि पोव्हिडोनचा घट्ट पूल मागे राहतो. असे कणाला कण जोडत जाऊन दाणा वाढतो. थेंब मोठे तर दाणे मोठे. फवाऱ्याच्या हवेचा दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि दाणेही. कोपनहेगनच्या शेफर आणि व्हर्ट्स या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे नातं प्रयोगांनी नीट मांडून दाखवलं. दाण्याचं माप नोझलवर ठरवता येतं ही या पद्धतीची मोठी देणगी आहे.

पण थेंबाचं माप सांभाळलं तरी पाणी जितकं घातलं जातं आणि जितकं उडून जातं त्यांचा मेळ बसला पाहिजे. पाणी उडण्याचा वेग जास्त झाला तर थेंब कणापर्यंत पोचायच्या आतच सुकतो आणि नुसती पोव्हिडोनची धूळ होते. पाणी साचू लागलं तर दाणे जड होतात, एकमेकांना धरतात आणि उसळणारा थर बघता बघता खाली बसतो. ‘बेड बसला’ हे शब्द इथं कोणालाच ऐकायचे नसतात, कारण मग बाउल उतरवून हातानं ढेकळं फोडण्याची पाळी येते, चौकशी होते आणि बॅच हातची जाऊ शकते.

‘पावसात ह्येका वायच जास्त येळ लागता,’ कुडाळकर पडद्यावरचे आकडे न्याहाळत म्हणाला. का लागतो, हे बघायला भाऊ मला वर सर्व्हिस फ्लोअरवर घेऊन गेला. माझ्या मते या कारखान्यातली सर्वांत बघण्यासारखी जागा हीच. इथं एफबीपीची हवा तयार होते.

तासाला साधारण ३,००० किलो हवा या यंत्रातून जाते असं धरू. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर प्रत्येक किलो हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. म्हणजे तासाला ६० किलो. आणि खाली नोझलमधून तासाभरात आपण घालतो ते २७ किलो. द्रावणात मोजून-मापून घातलेल्या पाण्याच्या दुपटीहून जास्त पाणी न बोलावता हवेबरोबर यंत्रात शिरू पाहतं. हा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला तेव्हा पावसाळ्यातच का बोलावलं ते मला उमगलं.

हवा गरम केली की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण तापवल्यानं हवेतलं पाणी कमी होत नाही. समजा, ५५ अंशांची हवा आत सोडली आणि तासाभरात २७ किलो पाणी फवारलं. पाणी उडताना उष्णता घेतं, म्हणून थराचं तापमान उतरून ३३-३४ अंशांवर येतं. हवा आधी वाळवलेली असो वा नसो, उडणारं पाणी तेवढंच असेल तर हा आकडा जवळजवळ तोच राहतो. फरक पडतो तो बाहेर जाणाऱ्या हवेत. वाळवलेली, किलोमागे ८ ग्रॅम पाणी असलेली हवा घेतली तर बाहेर पडताना तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असते. पावसाळी हवा तशीच घेतली तर ती ८५ टक्क्यांच्या पुढे जाते. इतक्या दमट हवेत दाणे आपलं पाणी सहज सोडत नाहीत. म्हणजे तापमापक दोन्ही दिवशी एकच आकडा दाखवतो आणि आत मात्र एका दिवशी नीट दाणे बांधले जातात, तर दुसऱ्या दिवशी बेड बसण्याच्या बेतात येतो. नुसत्या तापमानावर विसंबून बॅच चालवणाऱ्याला पहिला पाऊस हे हमखास शिकवतो. म्हणूनच चांगल्या कारखान्यात आत येणाऱ्या हवेचा दवबिंदू सतत मोजला जातो आणि बॅचच्या नोंदीत लिहिला जातो.

इथं ती हवा आधी गाळली जाते, मग सात अंशांचं पाणी खेळणाऱ्या कॉइलवरून नेऊन ११ अंशांपर्यंत थंड केली जाते. आगगाडीच्या काचेवर जे घडत होतं तेच इथं मोठ्या प्रमाणावर मुद्दाम घडवतात. त्यानंतर वाफेच्या कॉइलनं हवा पुन्हा तापवायची आणि हेपा फिल्टरमधून खाली सोडायची. आधी थंड, मग गरम: विजेचं बिल मोठं येतं, पण या किनाऱ्यावर हे करावंच लागतं. आणखी कोरडी हवा हवी असेल तर ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचं फिरतं चाक बसवतात. कॉइलखालच्या तबकातून एक नळी भिंतीबाहेर काढलेली होती. तिच्यातून पाण्याची सलग धार पडत होती. किलोमागे १२ ग्रॅम म्हणजे तासाला ३६ लिटर. बाहेर पाऊस, आणि भिंतीच्या आत हवेतून पिळून काढलेलं पाणी.

कँटीनमध्ये शीत-कडी होती. मासेमारीबंदीचे दिवस असल्यामुळे ताज्या माशाऐवजी सुक्या सुंगटांची किसमूर. जेवताना गप्पा यंत्राच्या कुळावर गेल्या. हवेच्या झोतानं घन कणांचा थर उसळता ठेवण्याची युक्ती औषधांसाठी निघालेली नाही. जर्मनीत फ्रिट्झ विंकलरनं १९२०च्या दशकात ती कोळशापासून वायू बनवायला वापरली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पेट्रोलसाठी तिच्यावर मोठाले प्रकल्प उभे राहिले. औषधांत ती आणली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेल वुर्स्टर यांनी. गोळ्या हवेत तरंगत ठेवून त्यांच्यावर लेप चढवण्याचं त्यांचं पेटंट १९५३ सालचं, आणि याच तंत्रानं गोळ्यांसाठी दाणे करण्यावरचा त्यांचा निबंध १९६० सालचा. खालून फवारून लेप चढवण्याच्या पद्धतीला आजही वुर्स्टर पद्धत म्हणतात. यंत्रं घडवण्याची परंपरा ऱ्हाईनकाठी बाझलच्या परिसरात रुजली. पलीकडच्या जर्मन बाजूला बिन्झेन गावी ग्लाट ही कंपनी आजही हे काम करते. आता अशी यंत्रं आपल्याकडे वसई-पालघरच्या पट्ट्यात आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळलाही बनतात.

ज्या मुलखांत हे तंत्र वाढलं तिथं हवेची अडचण उलटी असते. विस्कॉन्सिनच्या कडक हिवाळ्यात किलोभर हवेत जेमतेम दोन ग्रॅम पाणी असतं. इतक्या कोरड्या हवेत उडणारी भुकटी विजेनं भारली जाते, भिंतींना चिकटते, आणि बारीक सेंद्रिय भुकटीच्या ढगात ठिणगी पडली तर स्फोट होतो. काही ठिकाणी हिवाळ्यात हवेत मुद्दाम वाफ सोडतात. आपल्याकडेही हवा वाळवल्यावर हा धोका येतोच. म्हणून बाउलपासून फिंगर बॅगच्या कापडापर्यंत सगळ्यांना अर्थिंग, आणि यंत्राचं कवच स्फोटाचा दाब सोसेल किंवा सुरक्षित बाजूला सोडून देईल असं बांधलेलं. सकाळी कुडाळकरानं बाउल लावायच्या आधी अर्थिंगची वायर हातानं ओढून पाहिली होती. पडद्यावर हिरवा दिवा लागलेला असतानाही.

सगळीकडे हीच पद्धत वापरतात असं नाही. जोरानं फिरणाऱ्या पात्यांच्या मिक्सरमध्ये, ज्याला इथं आरएमजी म्हणतात, काही मिनिटांत दाणे बांधायचे आणि मग फ्लुइड बेडमध्ये नुसते वाळवायचे, हा मार्ग आपल्याकडे जास्त रुळलेला आहे. तो चिवट आहे, हवामानाचे लाड करत नाही. त्याचे दाणे घट्ट आणि जड होतात. हवेत बांधलेले दाणे सच्छिद्र असतात. पाणी त्यांच्यात चटकन शिरतं आणि गोळी पोटात लवकर विरघळायला मदत होते. साफसफाईही एकाच भांड्याची. माझं मत विचाराल, तर हवेवर काटेकोर ताबा ठेवण्याची ताकद आणि शिस्त असेल तिथं फ्लुइड बेडला तोड नाही. ती नसेल तर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

फवारणी संपली तशी खालची हवा चालूच ठेवून वाळवणी सुरू झाली. थराचं तापमान बराच वेळ जागेवर थबकलं आणि मग हळूहळू चढू लागलं. उडण्याजोगं पाणी संपत आल्याची ती खूण. कुडाळकरानं बाजूच्या छोट्या नळीतून चमचाभर नमुना काढला, केमिस्ट मॅडमनी तो ओलावा मोजणाऱ्या तराजूवर ठेवला. काही मिनिटांनी आकडा आला, दीड आणि दोन टक्क्यांच्या मधला. सही झाली. बाउल खाली उतरला, झाकण उघडलं आणि आत सकाळचीच भुकटी पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या दाण्यांच्या रूपात होती. उन्हाळ्यात याहून लवकर आटोपतं, असं मॅडम म्हणाल्या.

इथून पुढे गोळी स्ट्रिपमध्ये बंद होईपर्यंत सगळा प्रवास आर्द्रता बांधून ठेवलेल्या खोल्यांतून होतो. बाहेरची ओली हवा तिला लागू नये म्हणून इतकी माणसं आणि इतकी वीज खर्ची पडते. म्हणून वाचकांना एक विनंती. पावसाळ्याच्या दिवसांत गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरून ठेवू नका, न्हाणीघरात किंवा शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. घरातल्या वयस्करांसाठी रोजच्या गोळ्यांचा कप्प्यांचा डबा भरत असाल, तर कोणत्या गोळ्या उघड्या ठेवलेल्या चालतात ते औषधविक्रेत्याला विचारा आणि बाकीच्या घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा.